नवागत सेवकाची उमेदवारी : भारत सेवक समाज ते राष्ट्रीय सेवा योजना (१९०५–१९६९)

सारांश

सार्वजनिक सेवेच्या संघटित कार्यात नव्याने दाखल होणाऱ्या व्यक्तीने आरंभीच्या काळात काय करावे, कोणाच्या मार्गदर्शनाखाली करावे आणि किती काळ करावे, याविषयी विसाव्या शतकातील भारतात निरनिराळ्या व्यवस्था निर्माण झाल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेला भारत सेवक समाज, १९१७ मधील चंपारण्यातील ग्रामकार्य आणि १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना या तीन व्यवस्थांतील नवागताचे स्थान प्रस्तुत लेखात तपासले आहे. नवागताच्या शिक्षणाची जबाबदारी कोणी घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक व्यवस्थेने वेगळे दिले आणि कार्याचे टिकणे बऱ्याच अंशी त्या उत्तरावर अवलंबून राहिले, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : उमेदवारी, सेवाव्रत, भारत सेवक समाज, चंपारण्य, राष्ट्रीय सेवा योजना.

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात सेवाभावी संस्थांचे स्थान महत्त्वाचे आहे. या संस्थांचा इतिहास लिहिताना संस्थापकांचे चरित्र, संस्थेचे ध्येयधोरण आणि तिने केलेले कार्य यांवर अभ्यासकांचा भर राहिलेला आहे. संस्थेत नव्याने पाऊल टाकणारा सामान्य सदस्य मात्र या इतिहासात सहसा दिसत नाही. वास्तविक, कोणत्याही संस्थेची स्वतःविषयीची आणि समाजाविषयीची खरी धारणा तिच्या नवागतांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीतून स्पष्ट होते. पहिल्याच दिवशी त्याच्या हाती काम द्यावयाचे की ग्रंथ द्यावयाचे, त्याला बोलू द्यावयाचे की ऐकावयास लावायचे, त्याच्याकडून शपथ घ्यावयाची की केवळ नावनोंदणी करावयाची, हे निर्णय वरवर प्रशासकीय वाटले तरी त्यांच्या मुळाशी सेवेची एक विशिष्ट कल्पना असते.

हा प्रश्न केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लोकसहभाग व सेवा यांविषयीच्या श्रेयांकाधारित अभ्यासक्रमांचा उल्लेख आहे. सेवेला श्रेयांक मिळू लागले की सेवेत प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्याचा आरंभकाळ कसा असावा, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयासमोर उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना आपल्याकडे यापूर्वी झालेल्या प्रयोगांचा आढावा उपयुक्त ठरेल.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. भारत सेवक समाजाच्या नवागत सदस्यविषयक नियमांचे स्वरूप व त्यामागील पार्श्वभूमी समजून घेणे.
२. हरिद्वार व चंपारण्य येथील कार्यात नवख्या स्वयंसेवकांची घडण कशी झाली, याचा अभ्यास करणे.
३. राष्ट्रीय सेवा योजनेतील नवागत स्वयंसेवकाच्या स्थानाचे या पार्श्वभूमीवर परीक्षण करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून संस्थेची घटना, आत्मचरित्रात्मक लेखन, चरित्रे व योजनेविषयीचे शासकीय साहित्य यांतून ज्ञात असलेल्या माहितीचा आधार घेतला आहे. ‘उमेदवार’ हा शब्द येथे ‘काम शिकण्यासाठी अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली राहणारा’ या जुन्या अर्थाने योजिला आहे. तसेच १९५२ मध्ये स्थापन झालेली भारत सेवक समाज याच नावाची संस्था वेगळी असून तिचा येथे विचार केलेला नाही.

पूर्वपीठिका : आजीव सदस्यत्वाची परंपरा

आयुष्याचा मोठा भाग अल्प वेतनावर सार्वजनिक कार्यास देण्याची कल्पना पुण्यात १९०५ पूर्वीच रुजली होती. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी मासिक ७५ रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा करावी, असा दंडक होता. गोखले याच परंपरेत वाढले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले.

त्यांची स्वतःची उमेदवारी मात्र महाविद्यालयाबाहेर, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात झाली. रानडे १९०१ मध्ये निवर्तले. तोपर्यंत एका तपाहून अधिक काळ गोखले यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली अर्थकारण, सरकारी अहवाल व आकडेवारी यांचा अभ्यास केला. सार्वजनिक सभेच्या कामात अर्जविनंत्यांचे मसुदे तयार करणे, त्रैमासिकासाठी लेखन करणे हे या शिक्षणाचे स्वरूप होते. वेल्बी आयोगापुढे १८९७ मध्ये त्यांनी दिलेली साक्ष हे या अभ्यासाचे फळ होते.

त्याच वर्षी त्यांना एक कटू अनुभवही आला. प्लेगच्या काळात पुण्यात सैनिकांकडून झालेल्या गैरवर्तनाविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी इंग्लंडमध्ये जाहीर विधाने केली. परतल्यानंतर ती सिद्ध करण्यास पुरावा उभा राहिला नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. अभ्यासाने मिळणारी प्रतिष्ठा आणि पुराव्याविना केलेल्या विधानाची किंमत, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात अनुभवलेल्या व्यक्तीने पुढे आठ वर्षांनी सेवकांसाठी नियम केले, ही बाब ते नियम वाचताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१९०५ ची शपथ

१२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना झाली. गोखले यांनी प्रथम स्वतः शपथ घेतली व नंतर नटेश आप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन आणि गोपाळ कृष्ण देवधर या तिघांना ती दिली. शपथेत सात प्रतिज्ञा होत्या. देशाला आपल्या विचारांत अग्रस्थान देणे, देशसेवेत वैयक्तिक लाभाची अपेक्षा न ठेवणे, जातिधर्माचा भेद न करता सर्व भारतीयांना बंधू मानून त्यांच्या उन्नतीसाठी झटणे, संस्था करील त्या निर्वाहाच्या तरतुदीत समाधान मानून स्वतःसाठी अर्थार्जन न करणे, वैयक्तिक जीवन शुद्ध ठेवणे, कोणाशीही व्यक्तिगत भांडण न करणे आणि संस्थेच्या उद्दिष्टांना बाधक असे काहीही न करणे, असा त्यांचा आशय होता.

या प्रतिज्ञांपैकी बहुतेक प्रतिज्ञा निवृत्तिपर आहेत. नवागताने काय सोडावे, हे त्यांत विस्ताराने येते. त्याने कोणते विशिष्ट काम करावे, याचा उल्लेख शपथेत नाही. कामाची क्षेत्रे संस्थेच्या घटनेत दिलेली आहेत. राजकीय शिक्षण, निरनिराळ्या समाजांमध्ये सलोखा, स्त्रीशिक्षण व मागासलेल्या वर्गांचे शिक्षण, औद्योगिक व शास्त्रीय शिक्षण आणि दलित वर्गांची उन्नती अशी ती क्षेत्रे होती. म्हणजे नवा सदस्य एखादे काम स्वीकारून संस्थेत येत नसे. तो प्रथम एक शिस्त स्वीकारीत असे व काम त्याला नंतर नेमून दिले जात असे.

पाच वर्षांची उमेदवारी

शपथ घेतल्यानंतर नवागताला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. त्यांपैकी तीन वर्षे पुण्यातील संस्थेच्या निवासस्थानी अभ्यासात आणि दोन वर्षे देशाच्या विविध भागांत प्रवासात घालवावीत, अशी योजना होती. या काळात उमेदवाराने सर्वस्वी आद्य सदस्याच्या, म्हणजे गोखले यांच्या, मार्गदर्शनाखाली व नियंत्रणाखाली राहावे, ते सांगतील तो अभ्यास व ते सोपवतील ते काम करावे, असे बंधन होते. त्यामुळे कोणत्या विषयाचा अभ्यास करावयाचा आणि जाहीर कार्यात केव्हा उतरावयाचे, हे प्रश्न उमेदवाराच्या मर्जीवर राहिले नाहीत.

ही व्यवस्था तरुण पदवीधरांपुरती मर्यादित नव्हती. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९०७ मध्ये संस्थेत दाखल झाले, तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते आणि मद्रासमधील ट्रिप्लिकेन येथील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून त्यांचा लौकिक होता. अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर, म्हणजेच ठक्कर बाप्पा, मुंबई महापालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून १९१४ मध्ये आले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. आपापल्या क्षेत्रात स्थिरावलेल्या या व्यक्तींनी पुन्हा शिकाऊ होण्याची तयारी दाखविली. पूर्वीचे पद आणि अनुभव हा सेवाक्षेत्रातील प्रवेशाचा पर्याय ठरू शकत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. शास्त्री पुढे १९१५ ते १९२७ या काळात संस्थेचे अध्यक्ष झाले, तर ठक्कर यांनी १९२२ मध्ये भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले व १९३२ पासून हरिजन सेवक संघाच्या कार्याची धुरा वाहिली.

नियमाची अंमलबजावणी मात्र यांत्रिक नव्हती. देवधर यांच्या उमेदवारीची पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, १९०९ मध्ये, रमाबाई रानडे यांच्यासमवेत पुणे सेवासदनाच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. नारायण मल्हार जोशी १९०९ मध्ये सदस्य झाले आणि १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू झाली. कामगार वस्त्यांतील शिक्षण, वाचनालये व आरोग्यविषयक उपक्रम हे लीगचे कार्य होते. या अनुभवाच्या पायावर जोशी पुढे १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीपर्यंत पोहोचले. यावरून असे दिसते की, उमेदवारी म्हणजे कामापासून दूर ठेवणे असा अर्थ संस्थेने घेतला नाही. उमेदवाराचे काम कोणीतरी जबाबदारीने पाहत आहे, हा त्या व्यवस्थेचा गाभा होता.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. अभ्यास, प्रवास व निर्वाह यांचा भार उचलून अशी व्यक्ती घडविणे खर्चिक आणि वेळखाऊ होते. त्यामुळे सदस्यसंख्या कायम लहान राहिली. आरंभीचे सदस्य उच्चशिक्षित पुरुष होते. स्त्रीशिक्षण व दलितोद्धार ही उद्दिष्टे असली, तरी ज्यांच्यासाठी काम करावयाचे ते समाजघटक स्वतः उमेदवार म्हणून या निवासस्थानी येतील, अशी ही रचना नव्हती. समाजाला काय हवे, हे अभ्यासाने व प्रवासाने जाणून घेता येते, या विश्वासावर ती उभी होती.

प्रवेश न झालेला उमेदवार

या पद्धतीची कसोटी १९१५ मध्ये लागली. जानेवारी १९१५ मध्ये मोहनदास करमचंद गांधी दक्षिण आफ्रिकेतून परतले. गोखले यांना ते राजकीय गुरू मानीत आणि त्यांनी समाजाचे सदस्य व्हावे, अशी गोखले यांची इच्छा होती. गांधींनी एक वर्ष देशात प्रवास करावा व सार्वजनिक प्रश्नांवर मतप्रदर्शन करू नये, असे वचन गोखले यांनी त्यांच्याकडून घेतले होते. दक्षिण आफ्रिकेत दोन दशके लढा दिलेल्या व्यक्तीलाही भारतात नवागत मानले गेले, ही घटना अर्थपूर्ण आहे.

गांधी पुण्यास आले असता सदस्यांशी त्यांची चर्चा झाली. ध्येय व कार्यपद्धती यांविषयी मतभेद असल्याचे सदस्यांना जाणवले. सदस्यत्व मिळो वा न मिळो, आपण त्यांना सदस्यच मानू, अशी गोखले यांची भूमिका होती आणि गांधींच्या नियोजित आश्रमाच्या खर्चाचा भारही त्यांनी आनंदाने स्वीकारला होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले यांचे निधन झाले. त्यानंतर गांधींच्या प्रवेशाच्या प्रश्नावर सदस्यांत दोन तट पडले व निर्णय पुढे ढकलण्यात आला. बहुमताच्या बळावर प्रवेश घेणे उचित नाही, असे वाटून गांधींनी आपला अर्ज मागे घेतला.

या प्रसंगात कोणा एका पक्षाला दोष देणे योग्य ठरणार नाही. उमेदवारीची जी व्यवस्था शास्त्री व ठक्कर यांच्यासारख्यांना सामावून घेऊ शकली, ती स्वतःची कार्यपद्धती सोबत घेऊन येणाऱ्या नवागतापुढे अडखळली. आद्य सदस्याच्या व्यक्तिगत विश्वासावर चालणारे हे शिक्षण त्याच्या पश्चात नियमांच्या आधारे तेवढ्याच लवचीकपणे चालविणे कठीण होते, हेही त्यातून दिसले. तथापि गांधींनी प्रवासाचे वचन पाळले. सदस्यत्व मिळाले नाही, तरी उमेदवारीचा जो भाग त्यांना महत्त्वाचा वाटला तो त्यांनी पार पाडला.

हरिद्वार व चंपारण्य : कामातून घडण

प्रवासाच्या याच वर्षात हरिद्वार येथे कुंभमेळा भरला. भारत सेवक समाजाने तेथे पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांचे पथक पाठविले होते. कुंझरू १९०९ मध्ये सदस्य झालेले असल्याने त्यांची स्वतःची उमेदवारी संपून फार काळ लोटला नव्हता. पथकासोबत डॉ. हरि श्रीकृष्ण देव हे वैद्यकीय अधिकारी होते. गांधींच्या फिनिक्स आश्रमातील मंडळींना या पथकास साहाय्य करण्यासाठी बोलाविण्यात आले. शौचासाठी खोदलेल्या चरांची स्वच्छता हा तेथील बिकट प्रश्न होता व त्यासाठी पगारी सफाई कामगारांवर अवलंबून राहावे लागत होते. मैल्यावर माती टाकून स्वच्छता राखण्याचे काम फिनिक्सच्या मंडळींनी मागून घेतले. जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा १९०५ मध्ये शब्दांत होती. हरिद्वारला नवागतांच्या वाट्याला आलेल्या पहिल्या कामात तिची प्रत्यक्ष परीक्षा होती.

१९१७ मध्ये चंपारण्यातील निळीच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नाची चौकशी करीत असताना गावांचे अज्ञान व अस्वच्छता दूर केल्याशिवाय कायमचे काम होणार नाही, असे गांधींना जाणवले. सहा गावांत प्राथमिक शाळा उघडण्याचे ठरले. गावकऱ्यांनी शिक्षकांच्या निवासाची व भोजनाची सोय करावी व अन्य खर्च कार्यकर्त्यांनी पाहावा, अशी अट होती. केवळ शैक्षणिक पात्रतेपेक्षा चारित्र्य असलेले शिक्षक हवेत, असा गांधींचा आग्रह होता. त्यांच्या आवाहनाला महाराष्ट्र, कर्नाटक व गुजरातमधून प्रतिसाद मिळाला. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आणि बेळगावहून सोमण अशी मंडळी चंपारण्यात दाखल झाली. पहिली शाळा नोव्हेंबर १९१७ मध्ये बडहरवा लखनसेन येथे सुरू झाली.

या स्वयंसेवकांपाशी पाच वर्षांच्या उमेदवारीचा अवकाश नव्हता. त्यांतील काहींना तेथील भाषाही येत नव्हती. हिंदी न जाणणाऱ्या स्त्रियांनी मुलांना शिकवावे कसे, हा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा व्याकरण व अक्षरज्ञानापेक्षा स्वच्छता व चांगल्या सवयी शिकविणे अधिक महत्त्वाचे आहे, तसेच हिंदी, मराठी व गुजराती यांच्या लिपी व अक्षरांत वाटतो तेवढा फरक नाही, असे गांधींनी त्यांना समजावले. नवागताच्या उणिवेमुळे तिला परत न पाठविता तिच्या आवाक्यातील काम निश्चित करून देण्यात आले. अवंतिकाबाईंची शाळा आदर्श ठरली. त्यांनी लिहिलेले गांधीचरित्र १९१८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले.

आरोग्यसेवेची रचना अधिक बोलकी आहे. या कामासाठी डॉ. देव यांची सेवा भारत सेवक समाजाकडून मागून घेण्यात आली होती. वैद्यकीय ज्ञान नसलेल्या स्वयंसेवकांनी औषधे द्यावयाची असल्याने एरंडेल, क्विनाईन व गंधकाचे मलम या तीनच औषधांवर भर देण्यात आला. कोणत्या लक्षणास कोणते औषध द्यावयाचे, हे ठरवून दिले होते. औषध घरी नेण्याची रुग्णास मुभा नव्हती. गुंतागुंतीचा आजार असल्यास डॉ. देव यांचा सल्ला घ्यावा, असा नियम होता व ते प्रत्येक केंद्रास ठरलेल्या दिवशी भेट देत. काम मर्यादित, सूचना स्पष्ट आणि देखरेख नियमित, या तीन गोष्टींमुळे नवखा स्वयंसेवक उपकारक ठरू शकला व त्याच्या अज्ञानाचा भुर्दंड रुग्णास सोसावा लागला नाही. पुण्याच्या दीर्घ उमेदवारीतून आलेली संस्था आणि चंपारण्यातील अल्पकालीन स्वयंसेवक यांना जोडणारा दुवा डॉ. देव होते, याकडे अभ्यासकांचे लक्ष जाणे आवश्यक आहे.

तरीही हे कार्य स्थिरावले नाही. स्वयंसेवक ठरावीक मुदतीसाठी आले होते. ते परतल्यावर बाहेरून नवे मिळाले नाहीत आणि बिहारमध्ये कायमचे विनावेतन कार्यकर्ते उपलब्ध झाले नाहीत. गांधींना खेडा व अहमदाबाद येथील कामाने ओढून घेतले. काही शाळा व अन्य बाबतींत कायमचे काम करण्याची आपली इच्छा अपूर्ण राहिल्याची खंत त्यांनी आत्मकथेत व्यक्त केली आहे. पुण्याच्या पद्धतीत सेवक टिकले, पण ते मोजके होते. चंपारण्यात काम झपाट्याने उभे राहिले, पण ते पुढे चालविणारे हात उरले नाहीत.

राष्ट्रीय सेवा योजना : शपथेकडून नोंदणीकडे

स्वातंत्र्योत्तर काळात नवागत सेवकाचा प्रश्न एका नव्या पातळीवर गेला. आता मोजक्या व्रतस्थांचा विचार मागे पडून विद्यापीठांतील विद्यार्थिवर्गाचा विचार सुरू झाला. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने ऐच्छिक समाजसेवेची शिफारस केली. १९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने माध्यमिक शिक्षणानंतर नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा सुचविली. आर्थिक भार व अंमलबजावणीतील अडचणी यांमुळे ती शिफारस स्वीकारली गेली नाही. १९६० मध्ये प्रा. के. जी. सय्यदैन यांनी अन्य देशांतील योजनांचा अभ्यास करून ऐच्छिक तत्त्वावर भर दिला. कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्ये शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा अंतर्भाव सुचविला.

देशमुख समितीचा प्रस्ताव येथे विशेष विचारात घेण्यासारखा आहे. सक्तीचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी सलग नऊ महिने ते एक वर्ष एवढा काळ विद्यार्थ्याने सेवेस द्यावा, ही कल्पना त्यात होती. सक्ती गेली, ती इष्टच होती. परंतु तिच्यासोबत सलग काळाची कल्पनाही मागे पडली.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ केला. पहिल्या वर्षी सुमारे ४०,००० विद्यार्थी स्वयंसेवक तिच्यात सहभागी झाले. समाजसेवेद्वारे विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास, हे तिचे उद्दिष्ट ठरले. योजनेने सेवेकडे शिक्षणाचे साधन म्हणून पाहिले, हे तिचे वैशिष्ट्य आहे. या अर्थाने योजनेतील प्रत्येक स्वयंसेवक हा उमेदवारच आहे. दोन वर्षांत तो बाहेर पडतो आणि त्याची जागा नवा विद्यार्थी घेतो. जुन्याजाणत्या सदस्यांचा थर त्यात साचत नाही.

नियमित कार्यक्रमात दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास, सेवा अपेक्षित धरण्यात आली. योजनेच्या मार्गदर्शिकेनुसार पहिल्या वर्षाच्या १२० तासांपैकी २० तास उद्बोधनासाठी असून उर्वरित काळ महाविद्यालयाच्या परिसरातील व समाजातील कामासाठी आहे. याशिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. पुण्यातील पाच वर्षे आणि महाविद्यालयातील वीस तास यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. एका व्यवस्थेला जन्मभराचे सेवक घडवायचे होते, तर दुसरीला सुजाण नागरिक. परंतु वीस तासांत नवागताच्या पदरी काय पडते, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. प्रास्ताविक, उद्घाटन व अतिथींची व्याख्याने यांतच हे तास संपले, तर विद्यार्थी गावात जातो तो शिकविण्याच्या भूमिकेत. स्वच्छतेचे महत्त्व पटवून देणारी फेरी तो काढतो, मात्र गावाला पाणी कोठून येते व कोणत्या वस्तीला येत नाही, हे त्याला ठाऊक नसते. गोखले यांनी दोन वर्षांच्या प्रवासाचा नियम नेमक्या याच अज्ञानासाठी केला होता.

दत्तक गावाची कल्पना आणि गावाचे सर्वेक्षण यांची तरतूद योजनेत आहे. चंपारण्यात जी उणीव राहिली ती या तरतुदीतून भरून निघू शकते. व्यक्ती बदलत असल्या तरी गाव तेच राहिले आणि आदल्या वर्षीच्या स्वयंसेवकांनी केलेल्या नोंदी नव्या तुकडीच्या हाती पडल्या, तर कामाला सातत्य लाभते. हा दुवा सांभाळणारी व्यक्ती म्हणजे कार्यक्रम अधिकारी. शंभर विद्यार्थ्यांच्या एककामागे एक प्राध्यापक आपले अध्यापन सांभाळून हे काम करतो. पुण्यात आद्य सदस्याकडे व चंपारण्यात डॉ. देव यांच्याकडे असलेली जबाबदारी आता त्याच्याकडे आली आहे. परंतु अहवाल, हजेरी व खर्चाचे हिशेब यांतून प्रत्येक नवागताकडे पाहण्यास त्याच्यापाशी किती वेळ उरतो, याचा विचार योजनेच्या मूल्यमापनात क्वचितच होतो.

निष्कर्ष

१. भारत सेवक समाजाने नवागताचा आरंभकाळ अभ्यास, प्रवास व आज्ञापालन यांसाठी राखून ठेवला. त्यातून दीर्घकाळ टिकणारे सेवक व संस्था उभ्या राहिल्या, मात्र ही पद्धत संख्येने व सामाजिक व्याप्तीने मर्यादित राहिली.

२. १९१५ मधील गांधींच्या प्रवेशाच्या प्रसंगातून असे दिसते की, नवागताला घडविण्याची व्यवस्था नवागताकडून शिकण्यासही तयार असावी लागते.

३. चंपारण्यातील अनुभवाने सिद्ध केले की, काम मर्यादित व सुस्पष्ट असेल आणि जाणकाराची नियमित देखरेख असेल, तर नवखी व्यक्तीही पहिल्या दिवसापासून उपयुक्त ठरते. मात्र सातत्याची तरतूद नसेल, तर असे काम कार्यकर्त्यांबरोबरच संपते.

४. राष्ट्रीय सेवा योजनेने सेवेचे दार सर्वसामान्य विद्यार्थ्यांना खुले केले, हे तिचे ऐतिहासिक कार्य होय. या विद्यार्थ्यांत श्रमिक व शेतकरी कुटुंबांतील मुलेमुली मोठ्या प्रमाणावर आहेत. ज्यांच्यासाठी सेवा करावयाची, त्यांच्यातूनच सेवक येण्याची जी शक्यता १९०५ मध्ये नव्हती, ती या योजनेत आहे. या विद्यार्थ्यांचे गावाविषयीचे ज्ञान उद्बोधनाच्या तासांत वापरले गेले पाहिजे.

५. श्रेयांकांच्या नव्या चौकटीत तासांची मोजणी अटळ आहे. ती करताना पहिल्या वर्षातील काही तास केवळ ऐकणे, पाहणे व नोंदी ठेवणे यांसाठी राखून ठेवावेत, त्या नोंदी पुढील तुकडीकडे रीतसर सोपवाव्यात आणि कार्यक्रम अधिकाऱ्याच्या कार्यभारात या मार्गदर्शनाचा वेळ अध्यापनाइतकाच ग्राह्य धरावा.

समारोप

सेवाकार्यात नव्याने येणाऱ्या व्यक्तीच्या उत्साहाचे कौतुक सर्वच संस्था करतात. त्या उत्साहाला वळण लावण्याचे काम मात्र कष्टाचे असून त्याची नोंद अहवालांत होत नाही. गोखले, देव यांच्यासारख्यांनी ते काम स्वतः केले आणि त्यांच्या हाताखाली काही काळ शिकाऊ म्हणून राहण्यात शास्त्री, जोशी, ठक्कर यांना कमीपणा वाटला नाही. महाविद्यालयात दरवर्षी जून-जुलैमध्ये नावनोंदणी करणाऱ्या विद्यार्थ्याला अशी उमेदवारी लाभावी की केवळ एक अर्ज व एक ओळखपत्र मिळावे, हे ठरविण्याचा अधिकार आज प्राध्यापकवर्गाच्या हाती आहे. वीस तास हा काळ अल्प आहे, परंतु गावातील एका वस्तीत शांतपणे बसून तिचे म्हणणे ऐकण्यास तो पुरेसा आहे.